लाल धाग्याची पोती

१

खेमराज मेश्राम सोमवारी थप्पीखाली चेंगरून मेला, आणि गुरुवारपर्यंत अख्ख्या सौंदडनं ठरवून टाकलं की त्याला त्याच्या बायकोनं मारलं.

विष नाही, विळा नाही. टाक्यानं मारलं म्हणे! ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खेमराज भुपेंद्र शेठच्या राइस मिलमध्ये हमाल होता. गोदामात तांदळाच्या पोत्यांची उंच थप्पी लावलेली होती. खालची पोती फुटली, थप्पी कलली आणि तो तिच्याखाली सापडला. ती प्लास्टिकच्या विणीची पोती शिवली होती गावातल्याच बायकांच्या शिलाई शेडमध्ये, जिथं त्याची बायको अल्का मशीनवर बसते. शेडमध्ये प्रत्येक शिवणारीचा धागा वेगळ्या रंगाचा. अल्काचा लाल, खुशबूचा हिरवा, लीलाबाईचा निळा. मिलवाल्यांनी फुटलेली म्हणून जी पोती दाखवली, त्या सगळ्यांच्या बुडाला लाल धागा होता. झालं, निकाल लागला.

आणि ही रंगीत धाग्याची पद्धत माझी. मी चंद्रकांता बिसेन. गोंदिया जिल्ह्यातल्या लहानसहान कारखान्यांत जाऊन माल कुठं खराब होतो ते डोळ्यांनी पाहायला शिकवते. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. खडू, रंग, एखादं चित्र, एवढ्यात भागतं. धाग्याला रंग दिला की वाईट टाके कुठल्या मशीनवर पडतात ते लांबून दिसतं. मग त्या मशीनची सुई बदलायची, तेल घालायचं. एवढ्यासाठी होता तो लाल रंग. बाईच्या गळ्यात फास अडकवायला नव्हता.

शेड चालवणाऱ्या सुमित्राबाईंचा सकाळी फोन आला.

"मॅडम, तुमी या. आज दुपारी हवालदार येऊन राहिला, अल्काचं बयान घ्याले. मिलवाल्यायनं सारं जमवून ठेवलं आहे."

"मग तिला सांगा, मी येईपर्यंत तोंड उघडू नको म्हणावं."

"तेच तं सांगून राहिलो मॅडम. ते तं हो म्हणणार आहे. म्हणते, म्याच मारलं त्याले."

मी गोंदियाहून सकाळची गाडी पकडली.

२

अल्काच्या अंगणात बसायला माणसं होती, आणि त्यांच्याखाली सतरंजी म्हणून फाटकी पोती अंथरलेली होती. मीही त्यातल्याच एकावर बसले. अल्का भिंतीला टेकून होती. तिच्या कपाळावर टिकली नव्हती. सासू दाराशी पाठ करून बसली होती. सुमित्राबाई कानात म्हणाल्या, "चार दिवसांपासून म्हातारी हिच्या हातचं पाणी घेऊन नाई राहिली."

"अल्का, काय ऐकतेय मी?" मी म्हटलं. "हो म्हणणार आहेस तू?"

"मंग काय म्हणू मॅडम? लाल धागा माहाच हाय ना?"

"धागा तुझा. म्हणून चूक तुझी?"

"त्या महिन्यात माहं आंग दुखत होतं. टाका ढिला पडला असन." ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "तो रोज म्हणे, तुह्या हातचं पोतं पाठीवर घेतलं का बिनफिकीर वाटते. अन् त्याच पोत्यानं..."

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. माझं हे असंच आहे. "ढिला पडला असन म्हणजे काय? तू पाहिलास? कुणी पाहिला? उद्या कुणी म्हणेल सूर्य तुझ्यामुळं मावळला, तेही कबूल करशील?"

दोनचार माणसांनी माना वर केल्या. दुखवट्याच्या घरी असं ओरडतात का? मी तर ओरडले.

"हे बघ. तू हो म्हणालीस की मिलवाले हात झटकून मोकळे. शेडला कुलूप. आणि तू? जन्मभर रोज सकाळी उठून नवरा मारल्याचं आठवत बसशील. पोती बघितल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. समजलं?"

तिनं मान हलवली. होकार होता की नकार, कळलं नाही.

"सुमित्राबाई, मिलमध्ये जायचंय. खडू आहे माझ्याकडे. खुणेला चिकटवायचं काही असेल तर द्या."

अल्का उठली, आत गेली आणि टिकल्यांची दोन पाकिटं आणून माझ्या हातात ठेवली. "घ्या. माह्या कामाच्या नाई आता."

"अवं, कायले असं करतं व?" सुमित्राबाई म्हणाल्या. "आपल्यात कोनी काढाले लावते काय टिकली? बौद्धाच्या घरी हे नसते."

"ते नवरा मेल्यावर नसते, बाई," अल्का म्हणाली. "मारल्यावर काय असते, ते कोनं सांगतलं?"

३

भुपेंद्र शेठ मिलच्या ऑफिसात पान चघळत बसला होता. गोंदियाचा माणूस, बोलणं हिंदी. शेजारी उभा होता गोदामपाल इंद्रकुमार. इस्त्रीचा शर्ट आणि आवाज असा गोड, की ऐकूनच चीड यावी.

"देख लो बहनजी," शेठ म्हणाला. "हमने कुछ छुपाया नहीं. बेचारा खेमराज हमारा भी आदमी था. लेकिन सिलाई ही कच्ची हो तो हम क्या करें?"

इंद्रकुमारनं गोदामात नेलं. फरशी धुऊन लख्ख केली होती. कोपऱ्यात पोत्यांचा ढीग. प्रत्येकाचं बूड उघडं, आणि एका टोकाला लाल धाग्याचं शेपूट लोंबत होतं.

"पाहून घ्या मॅडम. एकही हिरवं नाही, एकही निळं नाही."

तोच तर किडा माझ्या डोक्यात वळवळत होता. थप्पी काय रंग बघून फुटते? मी सुमित्राबाईंना विचारलं, "गठ्ठे बांधता तेव्हा लाल, हिरवी, निळी वेगळी बांधता?"

"नाई जी. सारी मिसळूनच बांधतो."

"मग शेकडो मिसळलेल्या पोत्यांतून लाल तेवढीच फुटली? काऊन, इंद्रकुमार?"

"शिलाई कच्ची होती म्हणून," तो नम्रपणे म्हणाला.

मी गोदामाच्या लोखंडी दारावर खडूनं मोठं पोतं काढलं. आमच्या कामातली ही सगळ्यात साधी युक्ती आहे. वस्तूचं चित्र काढायचं आणि बिघाड जिथं जिथं दिसेल तिथं तिथं खूण करायची. तोंडानं काय सांगतात ते ऐकायचंच नाही. एकेक पोतं उचललं, बूड कुठून उघडायला लागलं ते पाहिलं, आणि चित्रात त्या जागी अल्काची एक टिकली लावली.

उजव्या कोपऱ्यात. दुसरं पोतं, उजवा कोपरा. तिसरं, तोच. अर्धा ढीग संपला तोवर त्या कोपऱ्यात टिकलीवर टिकली चढायला लागली होती, आणि बाकी सगळं बूड कोरं.

आता यात काय आहे ते सांगते. पोत्याच्या बुडाची शिलाई साखळी टाक्याची असते. तिची एक खोड आहे. शेवटच्या टोकाला धागा सोडवून ओढला की सरर्कन सगळं बूड उघडतं. दुसऱ्या टोकाला कितीही ओढा, हलत नाही. मिलमधलं शेंबडं पोरही हे जाणतं, कारण पोतं रिकामं करायचं ते असंच. पण वजनानं टाका तुटला, तर तो कुठंही तुटेल. कुणाचा मध्ये, कुणाचा कडेला. तिथून अर्धी शिलाई सुटेल, अर्धी राहील. टिकल्या बुडभर पसरल्या असत्या. सगळ्या टिकल्या सुट्या कोपऱ्यात, म्हणजे तिथं वजन नव्हतं. तिथं माणसाचा हात होता.

"हे फुटलेलं नाही," मी म्हटलं. "हे उसवलेलं आहे."

इंद्रकुमार हसला. "मॅडम, टिकल्या लावून खून सिद्ध करून राहिले काय तुम्ही?"

मी बोलणार, तेवढ्यात माझ्याच चित्राकडे लक्ष गेलं. बूड काढलं होतं, बाजू काढल्या होत्या. पोत्याचं तोंड काढताना मी नुसती रेघ मारली होती. कारण समोरच्या पोत्यांच्या तोंडाला दुसरं काही काढण्यासारखं नव्हतंच.

मी एक पोतं ओढून त्याचं तोंड उजेडात धरलं. दुसरं धरलं. तिसरं धरलं. तांदूळ भरल्यावर पोत्याचं तोंड मिलमध्ये शिवतात. त्या सुईची भोकं जन्मभर जात नाहीत. या पोत्यांना एक भोक नव्हतं.

"ही पोती कधी भरलीच नव्हती," मी ओरडले. "रिकामी पोती घेऊन थप्पी पडली का रे? मग खरी फुटलेली कुठं आहेत?"

इंद्रकुमारचं हसू गेलं. पण उत्तर त्यानं तयारच ठेवलं होतं.

"ती जाळून टाकली," तो म्हणाला.

४

दुर्गेश हमालांचा मुकादम. खेमराजचा जोडीदार. दोघं एकाच पोत्याला दोन टोकांनी हात घालायचे. तो मिलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसला होता आणि मला बघताच उठून चालू लागला.

"थांब," मी म्हटलं. "तुझा जोडीदार मेलाय. त्याच्या बायकोवर खुनाचा आळ घालताहेत. आणि तू पळून राहिला?"

"मी कायले पळू?" पण नजर जमिनीवर.

"खालची फुटलेली पोती कुठं गेली?"

"जाळली."

"कुणी जाळली?"

"इंद्रकुमारनं सांगतलं होतं जाळाले."

"मी ते नाही विचारलं. जाळली का?"

मी टपरीवाल्याकडे वळले. "काय हो, चार दिवसांत इकडं प्लास्टिकच्या पोत्यांचा जाळ झाला? काळा धूर, नाक फाटेल असा वास?"

"नाई बाई," टपरीवाला म्हणाला. "तसा वास आला असता तं मले इथं बसाले झालं नसतं."

मी मिलच्या कुंपणाच्या कडेनं चालत गेले. प्लास्टिक जळालं की मागं काळे चिकट गोळे राहतात, पावसाळा गेला तरी निघत नाहीत. कुठं काही नव्हतं. परत आले तेव्हा दुर्गेश तिथंच उभा होता.

"खोटं बोलतोस. का? इंद्रकुमारला भितोस?"

"मॅडम, माह्या पोटाचा सवाल हाय."

"आणि अल्काच्या जिवाचा नाही? ती दुपारी हो म्हणणार आहे. मीच मारलं म्हणून लिहून देणार आहे. उद्या तिनं तळं जवळ केलं तर तिच्या मातीला जाशील ना तू? खांदा द्यायला पहिला उभा राहशील!"

फार बोलले. पण त्या वेळी माझ्या तोंडाला लगाम नव्हता, आणि मला तो घालायचाही नव्हता.

"जाळली म्हणजे... फाटकं बारदान कोनी जाळते काय हो, मॅडम?" दुर्गेश एकदम चिडून म्हणाला. "ते हमालाचं असते! बापजाद्यापासून असते. शेठनं सांगतलं, तरी फाटकं बारदान हमाल घरी नेतेच. कोंबड्याईले होते, धान वाळवाले होते. ज्याच्या हातून फाटलं, त्याच्या घरी पोचवाले लागते."

"मग ही कुणाच्या हातून फाटली?"

दुर्गेशनं तोंडावर हात ठेवला. त्याला आता कळलं होतं, आणि त्याच्या मागोमाग मलाही. सकाळी मी कशावर बसले होते?

५

"उठा," मी अल्काच्या अंगणात शिरता शिरता ओरडले. "सगळे उठा. पोत्यांवरून उठा!"

एक म्हातारे भडकले. "काय बाई हाय हे! मयताच्या घरी आलेल्याईले उठवते?"

"हो, उठवते. मयताचंच काम आहे."

सुमित्राबाईंनी आणि दुखवट्याला आलेल्या खुशबूनं पोती गोळा केली. भरलेली पोती होती ही. तोंडाला सुईची भोकं होती, घड्यांत कोंडा अडकला होता. मी घराच्या छुईनं, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर कोळशानं पुन्हा पोत्याचं चित्र काढलं. आधी धाग्यांच्या रंगानं तीन ढीग करायला लावले. लाल, हिरवा, निळा. तिन्ही ढीग जवळपास सारखेच निघाले.

"बघितलंत? तिघींची फुटलीत. शिवणारीचा संबंधच नाही."

मग टिकल्या. या वेळी फाटलेल्या जागी. लीलाबाई एकेक पोतं पसरत गेल्या, मी एकेक टिकली लावत गेले. बुडाला एकही पडली नाही. टिकल्या पोत्याच्या बरोबर मधून, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, आडव्या ओळीत बसल्या. पोत्याच्या पोटावर पट्टा बांधावा तशा.

अंगणातली माणसं जवळ सरकली. मघाचे म्हातारेही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कपडा खराब होता, असं तं नाई ना म्हणून राहिले तुमी?" तो योगराज होता. शेडला पोत्याचं कापड तोच पुरवायचा. दुखवट्याला आला होता, पण अंगणाच्या कडेलाच उभा.

सुमित्राबाई त्याच्यावर धावूनच गेल्या. "सडकं कापड देल्लं यानं! पायताणानं हाणा याले!"

"माय शप्पथ, नाई जी!" योगराजनं हात जोडले.

"थांबा," मी म्हटलं. "कापड सडकं असतं, तर कुठंही फाटलं असतं. वर, खाली, कडेला. टिकल्या गोवर आल्यासारख्या सगळीकडे दिसल्या असत्या. योगराज, इकडे ये. या ओळीवर चिमटीत धरून ओढ."

त्यानं ओढलं. कापडाचा भुगा झाला. पांढरी भुकटी बोटांना लागली.

"आता वीतभर खाली ओढ."

त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, चेहरा लाल झाला. धागासुद्धा हलला नाही.

"मंग मधातच काऊन सडलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगा. पोतं मधातच कुठं दुमडता?"

लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "घडी! एक घडी घालतो आमी, बरोबर मधातून. अन् साऱ्या घड्या गठ्ठ्याच्या एका बाजूले."

"आणि गठ्ठे रचताना ती बाजू बाहेर. दिसायला नीट दिसतात म्हणून. अशा पोत्याची ताडपत्री उन्हाळाभर कौलावर टाकली तर काय होतं?"

"चुरा," म्हातारे म्हणाले. "हात लावला का चुरा."

"तेच झालंय. या गठ्ठ्यांनी उन्हाळा उघड्यावर काढला. घडी तेवढी उन्हात होती, म्हणून घडी तेवढीच सडली. वरून पोतं नवंकोरं दिसतं. त्यात तांदूळ भरा, थप्पीच्या तळाला घाला, वरचं सगळं वजन त्याच्या पोटावर येऊ द्या. मग?"

शेडचे गठ्ठे पक्क्या खोलीत, कुलपात असतात, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे ऊन लागलं ते मिलमध्येच.

अल्का कधी उठली ते मला दिसलं नाही. तिनं लाल ढिगातलं एक पोतं मांडीवर घेतलं होतं. पोट फाटून लोंबत होतं, आणि खाली बुडाशी तिचे टाके सरळ रांगेत जसेच्या तसे होते. तिनं दोन्ही मुठींत बूड धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. हाताच्या शिरा वर आल्या, दात आवळले गेले.

बाहेर मोटरसायकल थांबली. हवालदार आला होता. आणि त्याच्या मागं शेठची गाडी.

६

"चला, लौकर आटपू," हवालदार कागद काढत म्हणाला. "बाई कोण? तुमीच का? मशीनवर बसताना चूक झाली, असं तुमचं म्हणणं हाय. बरोबर?"

"बरोबर आहे साहेब," इंद्रकुमार अल्काच्या वतीनं म्हणाला. "बिचारीनं कालच कबूल केलं."

"तू तिचा कोण रे, तिच्या वतीनं बोलणारा?" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हवालदारसाहेब, लिहिण्याआधी भिंतीकडे बघा. शेठ, तुम्हीही बघा. मिलमध्ये तुम्ही मला न भरलेली, हातानं उसवलेली पोती दाखवलीत. ही खरी फुटलेली. तिन्ही रंगांची. टाके शाबूत, घडी उन्हानं खाल्लेली."

हवालदारानं स्वतः एका घडीवर बोट फिरवलं. बोट आरपार गेलं. त्यानं शेठकडे पाहिलं.

"हमारा माल अंदर रहता है," शेठ म्हणाला.

"अंदर नव्हता." दुर्गेश फाटकात उभा होता. त्याच्या मागं मिलचे पाचसहा हमाल. "उन्हाळाभर मागच्या ओट्यावर होते गठ्ठे. गोदामात शेठच्या साल्याचं खत ठेवलं होतं, म्हणून जागा नव्हती. आमीच ठेवले बाहेर, आमाले सांगतलं म्हणून."

शेठनं क्षणभर विचार केला आणि सरळ इंद्रकुमारकडे हात केला. "गोदाम इसका है. मुझे क्या मालूम ये क्या करता है? और धूप किसी के हाथ में है क्या? हो गया हादसा."

मी इंद्रकुमारचा चेहरा पाहत होते. चार दिवस गोड बोलणाऱ्या माणसाच्या पायाखालची फरशी आता सरकत होती. आणि खरं सांगू? मला त्याची दया आली नाही.

"इंद्रकुमार," मी म्हटलं, "शेठ तुला अल्काच्या जागी उभा करून राहिलेत. कालपर्यंत ती होती, आता तू. पण मला एकच सांग. मिसळलेल्या गठ्ठ्यांतून एकेक बघून लाल तेवढी वेचायला वेळ लागला असेल. हिरवी घेतली असती तरी काम झालं असतं. निळी चालली असती. कुठलीही दहा उचलली असती, तरी शिलाईच कच्ची म्हणून शेडवर ढकलता आलं असतं. लालच काऊन?"

खुशबू पुढं आली. तिला तेवढ्यात उमगलं होतं.

"हिरवी काढली असती तं माह्या नवऱ्यानं मिलमध्ये येऊन राडा केला असता," ती म्हणाली. "लीलाबाईचे दोन पोट्टे हायत. ते गप्प बसले नसते. अल्कासाठी भांडाले कोन होतं? जो होता तो थप्पीखाली गेला."

"अन् बाई सोताच गुन्हेगार झाली, तं मिलवर तक्रार करते कोन?" दुर्गेश म्हणाला.

दाराशी बसलेली सासू वळून इंद्रकुमारकडे बघत होती. त्यानं घाम पुसला, शर्टाची बाही मळली, आणि मग तो फुटला.

"मी सांगतलो होतो शेठले!" तो ओरडला. आवाजातला गोडवा पार गेला होता. "पोती सडली, भरू नका म्हणून सांगतलो होतो. ते म्हणे, नीचे लगा दो, ऊपर अच्छा माल रखो, किसको दिखता है. खेमराज मेल्यावर म्हणे, उसकी औरत सिलाई करती है ना? लाल निकाल. घर की बात घर में दब जाएगी. म्या उसवली पोती. या हातानं उसवली. पण बुद्धी शेठची होती!"

"झूठ बोलता है साला!" शेठ गाडीकडे वळला. फाटकात हमाल उभे होते. एकही बाजूला झाला नाही.

"थांबा शेठ," हवालदार म्हणाला. आता त्याच्याही आवाजात 'लौकर आटपू' नव्हतं. त्यानं आधी लिहून आणलेला कागद चुरगाळून खिशात कोंबला, नवा घेतला आणि अल्काकडे पाहिलं. "बाई, बयान तुमचंच घेणं हाय. हे लोक सांगून राहिले ते बाजूले ठेवा. तुमी सांगा. काय लिहू?"

अल्काच्या मांडीवर ते फाटकं पोतं तसंच होतं. ओढून ओढून तिची बोटं सोलली होती, आणि बुडाचा एक टाका हलला नव्हता. तिनं पोतं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उभी राहिली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं कुणाच्या तरी डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "माहं नाव अल्का खेमराज मेश्राम. माहा टाका सुटला नाई. माह्या माणसाले यानं मारलं."

तिनं बोट केलं ते इंद्रकुमारकडे नव्हतं. हवालदाराचं पेन थबकलं.

"नाव?" त्यानं विचारलं.

"भुपेंद्र शेठ नोका लिहू," अल्का म्हणाली. "शेठ म्हणाचं मी आजपासून सोडलं. त्याचं बापासकट पुरं नाव लिहा."

हवालदारानं शेठकडे मान वळवली आणि त्याच्या वडिलांचं नाव विचारलं.